पेन्शनचा कौल

माझ्या काकांना पेन्शन सुरू झाली तेव्हा त्यांच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. लालबागच्या आमच्या चाळीत हा चेष्टेचा विषय होता. पेन्शनर म्हटला की कानटोपी, काठी आणि खोकला, एवढंच लोकांना ठाऊक. आणि इथे हा गडी सकाळी उठून गॅलरीत जोर काढायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि महिन्याच्या महिन्याला सरकारची पेन्शन घेऊन यायचा. चाळीत त्यांना सगळे ‘तरणे पेन्शनर’ म्हणत. काकांना ते आवडायचं, काकीला अजिबात आवडायचं नाही.

काका लढाईच्या दिवसांत पलटणीत भरती झाले होते. तेव्हा त्यांना धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. पंधरा वर्षं भरल्यावर हवालदार म्हणून त्यांना मोकळं केलं. ते काकी आणि दोन लहान मुलांना घेऊन मुंबईला आले आणि आमच्याच मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांनी घेतली. पेन्शन बेताची होती, म्हणून एका गिरणीच्या गेटवर दरवानाची नोकरीही धरली. गेटवरून येणारा-जाणारा मॅनेजर त्यांना बघून आपोआप ताठ चालायला लागतो, असं ते सांगत.

बाबा काकांहून पुष्कळ मोठे. ते माझगावच्या बाजूला गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी पेटी न् पेटी, गोण न् गोण मोजून लिहायची, हे त्यांचं काम. त्यांची नोकरी पंचावन्नाव्या वर्षापर्यंत. म्हणजे धाकटा भाऊ सुटून मोकळा झालेला आणि थोरला अजून पेट्या मोजतोय, असा उलटा प्रकार आमच्या घरात होता. बाबा त्यावरून काकांना चिडवत. ‘‘तुजा बरा आसा रे. तुका सरकारान लवकर कंटाळून सोडल्यान,’’ असं म्हणत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीतली माणसं मोर्च्याला निघाली की खालचा रस्ता भरून जायचा. बायकासुद्धा जायच्या. बाबा आणि काका मात्र गॅलरीत उभे राहून बघत. बाबांची नोकरी सरकारच्या अखत्यारीतली, काकांची पेन्शन सरकारची. घोषणा दिली आणि कुणी नाव कळवलं तर काय घ्या, ही धास्ती. काकांच्या तोंडात ‘झालाच पाहिजे’ यायचं आणि ओठाशी अडून बसायचं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारचे एक गृहस्थ त्यांना तोंडावर म्हणाले होते, ‘‘हवालदार, तुमची जीभ पण पेन्शनीत निघाली काय?’’ काका हसले, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अशात बाबांच्या कचेरीत हुकूम आला. तोपर्यंत त्यांना प्रॉव्हिडंट फंड होता. जेवढे आपण घालू तेवढेच कचेरी घालणार आणि सुटताना एकरकमी हातात देणार. आता ज्याला हवं त्याने फंड सोडून पेन्शन घ्यावी, असं निघालं. महिन्याला ठरावीक रक्कम, जिवंत असेपर्यंत. एकदा लिहून दिलं की बदल नाही.

यावर आमच्या गॅलरीत जी चर्चा झाली ती तिकडे दिल्लीतही झाली नसेल. काका पेन्शनच्या बाजूचे. ते म्हणायचे, एकरकमी पैसा घरात थांबत नाही, कुणाचं लग्न निघतं, गावच्या घराचं छप्पर गळतं, आणि दोन वर्षांत माणूस हात हलवत बसतो. पेन्शन तुम्हाला कुणापुढे हात पसरू देत नाही. बाबा शांतपणे ऐकायचे आणि एकच विचारायचे, ‘‘आणि मी गेलंय तर?’’ त्यावर काका नुसताच मिशीला पीळ द्यायचे. माणूस गेला की पेन्शन गेली, हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या पेन्शनीवरून पक्कं ठाऊक होतं. फंड असला तर बायकोमुलांच्या हाती काहीतरी लागतं. म्हणजे जो पुष्कळ जगणार त्याला पेन्शन बरी आणि जो लवकर जाणार त्याला फंड. पण माणसाने स्वतःबद्दल हे ठरवायचं कसं?

दुसऱ्या कुठल्या घरात हा नुसता हिशेबाचा प्रश्न झाला असता. आमच्या घरात नाही. आमच्या घरातले पुरुष पन्नाशी पाहत नसत. पणजोबा गेले, आजोबा शेतात बांधावर बसल्या जागी गेले, बाबांचे थोरले भाऊ गिरणीतून घरी आले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत आटोपले. ‘पन्नास’ हा आकडासुद्धा आमच्याकडे कुणी मोठ्याने म्हणत नसे. बाजारात एखादी गोष्ट पन्नास रुपयांची असली तर आई एकोणपन्नासला मागायची आणि मिळाली नाही तर तशीच घरी यायची. बाबा तेव्हा शेहेचाळीस-सत्तेचाळीसचे होते.

शेवटी आईने तोड काढली. गावच्या देवीला विचारावं. कोकणातल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. मुलीचं लग्न, विहिरीची जागा, भावाभावांतला तंटा, सगळं देवीपुढे जातं. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना भिजवलेल्या तांदळाच्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. तोच कौल. मग पेन्शन की फंड हे विचारायला हरकत काय? बाबांना रजा मिळेना, म्हणून काकांनी जायचं ठरलं. मे महिन्याची सुट्टी होती, मी हट्टाने बरोबर गेले. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन.

ज्याच्यासाठी कौल घ्यायचा तो माणूस हजर नसला तर त्याच्या अंगावरचं वस्त्र देवीपुढे ठेवायचं, अशी आमच्या देवळाची रीत. आईने त्यासाठी बाबांचं उपरणं काढलं होतं. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. काका रुबाबात होते, सगळ्या बोटीला लढाईच्या गोष्टी सांगत होते. दुसऱ्या दिवशी आंघोळी करून आम्ही देवळात गेलो. गुरवाने वस्त्र मागितलं आणि काकांनी पिशवी उघडली. ते बराच वेळ पिशवीत हात घालून राहिले. उपरणं नव्हतं.

मला वाटलं आता आम्ही परत जाणार. पण काकांनी खांद्यावरचा आपला टॉवेल काढला, घडी केली आणि देवीपुढे ठेवला. ‘‘दादाचोच म्हणान समजा,’’ ते गुरवाला म्हणाले. ‘‘एका आवशीचे आमी. तेचा माजा काय येगळा नाय.’’

गुरव थोडा घुटमळला. मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं आणि आजूबाजूची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ देऊ लागली. प्रश्न काकांनी स्वतःच घातला. पलटणीत वरच्या साहेबासमोर उभं राहतात तसे ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘माजो दादा पेन्शन खातलो काय नाय, तां सांग.’’

बाहेर फणसाच्या झाडावर कावळे ओरडत होते, ते सुद्धा मला आठवतं. देवीचे चांदीचे डोळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटून मी काकांच्या मागे सरकले. डावीकडची कळी पडली. गुरवाने पुन्हा लावल्या, पुन्हा डावीच पडली. काकांच्या मानेवर घाम आला होता. परत येताना बोटीत त्यांनी कुणाला एकही गोष्ट सांगितली नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काय झालं? काका चपला काढत, खाली बघत म्हणाले, ‘‘फंड घे.’’ एवढंच. आमच्या घरात ‘फंड घे’ याचा अर्थ लहान पोरालाही कळला असता. बाबांनी दुसऱ्या दिवशी कचेरीत लिहून दिलं, फंडच ठेवा म्हणून. येताना आईसाठी वेणी आणली. ते कधी वेणी आणत नसत. आईने ती केसात माळली आणि मोरीत जाऊन रडली.

दोन दिवसांनी आईला ते उपरणं सापडलं. दाराच्या मागच्या खिळ्याला, तिनेच धुऊन वाळत टाकलेलं. बांधाबांध करताना पिशवीत घालायचं राहूनच गेलं होतं. तिने मला जवळ बोलावून विचारलं, मग देवीपुढे ठेवलं काय? मी सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी उजळला, मी खोटं सांगत नाही, अगदी उजळला. आणि लगेच असा काही पडला की मला तिची भीती वाटली. ‘‘कोणाक सांगा नको,’’ ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? बाबांना वाटत होतं की कौल त्यांचा. काकांनाही वाटत होतं की कौल दादाचा. आईला एकटीला वाटत होतं की देवीने ज्याचा टॉवेल त्याचं सांगितलं. पण ती हे बोलणार कशी? नवऱ्याला सांगायचं, की तुम्ही जगाल, घाबरू नका, तर त्याच तोंडाने दिराचं मरण सांगावं लागणार. मग बाजाराच्या दिवशी सुरमई आली की मधली तुकडी, जी आजवर बाबांच्या ताटात पडायची, ती वाटीत घालून ती काकांच्या खोलीत पाठवू लागली. काकीला वाटलं जाऊबाईंना माया फुटली. ती वाटी घेऊन गॅलरीतून जायचं काम माझं होतं आणि त्या वाटीचा मला धाक बसला होता.

बाबांनी आपल्या परीने तयारी सुरू केली. त्यांच्या कचेरीतले काहीजण वेळेआधी सुटून गावी जाऊन राहायचं म्हणत होते, तसं तुम्हीही करा असं आईने सुचवून पाहिलं. ते म्हणाले, आधी सुटलो तर फंड कमी होतो, मग काय उपयोग? त्यांच्यापुरता तो फंड आमचाच झाला होता. एका दुपारी ते आईला आणि मला गोदीवर घेऊन गेले. गेटमधून कुठून आत यायचं, जिना कुठला, खिडकी कुठली, हे त्यांनी दाखवलं. आतल्या क्लार्कशी ओळख करून दिली. ‘‘ही आमची मंडळी. पुढे कधी आली तर बघा जरा,’’ असं म्हणाले. तो क्लार्क बिचारा हसून चहा मागवू लागला. आई पदर डोक्यावर ओढून खिडकीच्या गजांकडे बघत उभी होती. मला मात्र संताप आला होता. जिवंत माणसाने बायकोला विधवेची वाट दाखवावी आणि वर चहा प्यावा, हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

शहरात तेव्हा गोळीबार होत होते, कुणाकुणाची पोरं घरी परतत नव्हती. चाळीत बातमी आली की आयाबाया धावत जिन्यापर्यंत जायच्या. आमच्या घरात मात्र एकाच मरणाची वाट बघणं चाललं होतं आणि ते कुणाचं, यावर नवराबायकोचं एकमत नव्हतं. काका रोज संध्याकाळी येऊन बाबांजवळ बसायचे. पेन्शनचा विषय त्यांनी टाकून दिला होता. कधी बाबांना ठसका लागला तरी ते अर्धे उठून उभे राहायचे. आई त्या वेळी बाबांकडे नाही, काकांकडे बघत असायची.

काका गेले ते रविवारी सकाळी, दाढी करताना. पलटणीची सवय, दाढी रोज व्हायची. गॅलरीच्या कठड्याला आरसा टेकवून, स्टुलावर बसून ते दाढी करत होते, खालच्या कुणाला तरी काही सांगत होते, आणि बोलता बोलता पुढे झुकले. कुणाला वाटलं वस्तरा पडला म्हणून वाकले. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच होता. पन्नाशी फार लांब राहिली, त्यांनी चाळिशीही पाहिली नाही.

न्हावी आणायला कुणीतरी निघालं, तर बाबांनी त्याला थांबवलं. त्यांनी स्वतः वस्तरा घेतला, पाणी कोमट करून घेतलं आणि भावाची राहिलेली दाढी केली. मोजणीच्या कामाने त्यांचा हात एरवी स्थिर असायचा. त्या दिवशी दोन ठिकाणी कापलं, पण रक्त आलं नाही. ते बघून बाबा मोठ्याने रडले. आमच्या चाळीने त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

काकांची पेन्शन त्याच दिवशी थांबली. बाबा काकीला घेऊन विचारायला गेले होते. तिथल्या माणसाने सांगितलं की पेन्शन त्यांची होती, घराची नव्हती. लढाईत गेले असते तर गोष्ट वेगळी. काकीने परत येताना रस्ताभर एकच विचारलं, की मग लढाईतून ते जिवंत आले ही चूक झाली का? बाबांनी तिची दोन्ही मुलं तेव्हाच आमच्या खोलीत आणली.

तेराव्यानंतर आईला राहवलं नाही. भांडी घासायला दोघी जावा बसल्या होत्या, बाबा दारात होते आणि तिने सगळं सांगून टाकलं. उपरणं, टॉवेल, डावी कळी. काकी हातातलं भांडं घासत राहिली. मग म्हणाली, ‘‘टॉवेल कोणाचोय असांदे. घोव माजो गेलो.’’

त्या दिवसापासून आमचे बाबा हे आमचे राहिले नाहीत, असं मला वाटतं. भाऊ आपल्यासाठी विचारायला गेला आणि आपलं मरण अंगावर घेऊन आला, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. जेवताना ते काकांच्या जागेकडे बघून पहिला घास घेत. नवा सदरा शिवला की आधी म्हणायचे, ‘‘कित्याक?’’ कशाला म्हणून. राज्य झालं, मुंबई मिळाली, चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, पोरांनी गुलाल उधळला. बाबा खोलीत बसून राहिले. ‘‘तेका वराडूचा होता,’’ एवढंच म्हणाले. काकांना ओरडायचं होतं, ते राहून गेलं.

पन्नासावं वर्ष लागलं, उलटलं. पंचावन्नाला हार, नारळ घेऊन ते घरी आले. हाती फंड आला आणि त्यांनी तो काकांच्या संसारावर खर्च केला. चुलत भावाचं शिक्षण, चुलत बहिणीचं लग्न, काकीचं आजारपण. काकांनी सांगितलं होतं तसंच झालं, दोन-तीन वर्षांत सगळं संपलं. आणि बाबा जगत राहिले. साठ, सत्तर, ऐंशी. आई गेली, काकी गेली. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते, लग्नाचं काही जमलं नाही. नंतर घेतलेल्या दादरच्या खोलीत बाबा माझ्या पगारावर होते. ज्यांनी तेव्हा पेन्शन घेतली ते त्यांचे सोबती वाढलेल्या महागाई भत्त्याच्या गप्पा मारायला येत, तेव्हा बाबा उठून पाणी प्यायला जात. भाजी दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरायचे. कुणाच्या तरी वाटणीचं खातोय असा माणूस रोज डोळ्यांसमोर बघणं सोपं नसतं. मी चिडायचे. एकदा तर मी म्हणाले, ‘‘जगलात ते काय गुन्हा केलात?’’ त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

एका दुपारी, तेव्हा ते पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते, आम्ही चहा पीत होतो. त्यांनी मला अचानक विचारलं, ‘‘बाय, तू होतंस थय. तेणा देवीक इचारल्यान काय? नेमका सांग.’’

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं. टॉवेल कुणाचा यातच सगळे अडकले होते. मी काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ‘माजो दादा पेन्शन खातलो काय नाय, तां सांग.’ दादा पेन्शन खाणार की नाही, एवढंच.

बाबांनी कप खाली ठेवला. ओठ हलवत ते शब्द त्यांनी स्वतःशी पुन्हा म्हटले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. ‘‘म्हणजे देवीन खराच सांगल्यान,’’ ते म्हणाले. ‘‘मी खंय खाल्लंय पेन्शन?’’

मला हसू आलं. मला वाटलं, सुटले बाबा. इतक्या वर्षांचं ओझं एका वाक्यात गेलं. देवीने कुणाचं मरण सांगितलंच नव्हतं, त्यांना पेन्शन मिळणार नाही एवढंच सांगितलं होतं, आणि ते त्यांनीच लिहून देऊन खरं केलं. मी तसं बोलायला तोंड उघडलं.

पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. ‘‘मगे बाय,’’ ते म्हणाले, ‘‘तो कित्याक गेलो?’’